किरणोत्साराची स्वतंत्र मोजणी : नागरिकांच्या नोंदींचे मोल आणि मर्यादा

अणुसंशोधन केंद्र अथवा अणुवीज केंद्राच्या परिसरातील हवा, पाणी, माती, मासे व दूध यांतील किरणोत्सार मोजण्याचे काम भारतात प्रामुख्याने अणुऊर्जा विभागाच्याच प्रयोगशाळा करतात. किरणोत्सार डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास वा चव नसते. त्यामुळे केंद्राच्या शेजारी राहणाऱ्या मच्छीमाराला किंवा शेतकऱ्याला अधिकृत आकड्यावर विश्वास ठेवणे किंवा न ठेवणे एवढेच दोन मार्ग उरतात.

तिसरा मार्ग म्हणजे केंद्राशी संबंध नसलेल्या व्यक्तींनी स्वतः मोजणी करणे. अमेरिका, फ्रान्स आणि जपानमध्ये मोठ्या अपघातांनंतर असे प्रयत्न उभे राहिले. भारतातही १९९० च्या दशकापासून काही डॉक्टर, शास्त्रज्ञ व कार्यकर्त्यांनी राजस्थान, झारखंड आणि तामिळनाडूत अशी पाहणी केली आहे. तुर्भे, तारापूर आणि जैतापूर या तीन ठिकाणांमुळे महाराष्ट्राचा या प्रश्नाशी निकटचा संबंध आहे. या नोंदींतून काय सिद्ध होते, काय होत नाही आणि त्या ग्राह्य ठरण्यासाठी कोणत्या अटी पाळाव्या लागतात, याचा हा आढावा.

अधिकृत मोजणीची व्यवस्था

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर तुर्भे येथे १९५४ मध्ये अणुऊर्जा संस्थेची स्थापना झाली. डॉ. होमी भाभा यांच्या निधनानंतर १९६७ मध्ये तिचे नामकरण भाभा अणुसंशोधन केंद्र असे करण्यात आले. ‘अप्सरा’ ही देशातील पहिली अणुभट्टी येथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली. त्यानंतर १९६० मध्ये ‘सायरस’ आणि १९८५ मध्ये ‘ध्रुव’ या अणुभट्ट्या सुरू झाल्या. ‘सायरस’ २०१० च्या अखेरीस कायमची बंद करण्यात आली. केंद्राच्या एका अंगाला चेंबूर व मानखुर्दची दाट वस्ती आहे, तर दुसऱ्या अंगाला ठाण्याच्या खाडीचे मुख आहे.

देशातील प्रत्येक अणुवीज केंद्राजवळ भाभा केंद्राची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते. अणुभट्टी सुरू होण्यापूर्वीच ती उभारली जाते आणि सुमारे ३० किलोमीटर परिसरातील पाणी, माती, भाजीपाला, दूध, मासे व समुद्री वनस्पती यांचे नमुने नियमितपणे तपासते. नैसर्गिक किरणोत्साराखेरीज सर्वसामान्य नागरिकाला वर्षाला १ मिलिसीव्हर्टहून अधिक मात्रा मिळू नये, ही मर्यादा आहे. केंद्रांपासून मिळणारी मात्रा या मर्यादेच्या अल्प अंशाइतकीच असते, असे अणुऊर्जा नियामक मंडळाचे वार्षिक अहवाल सातत्याने नमूद करतात. याखेरीज हवेतील गॅमा किरणांची नोंद ठेवणारी स्वयंचलित यंत्रे भाभा केंद्राने देशभर बसविली आहेत.

ही व्यवस्था तांत्रिकदृष्ट्या सक्षम आहे, याविषयी फारसा वाद नाही. वाद आहे तो तिच्या स्वायत्ततेविषयी. नियामक मंडळाची स्थापना नोव्हेंबर १९८३ मध्ये सरकारी आदेशाने झाली आणि ते अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी राहिले. ज्या विभागाचे प्रकल्प तपासायचे, त्याच विभागाच्या मनुष्यबळावर व प्रयोगशाळांवर मंडळाला अवलंबून राहावे लागते, अशी टीका होत आली. २००० मध्ये सरकारने भाभा केंद्राच्या सुविधा मंडळाच्या कक्षेतून बाहेर काढल्या व त्यांची सुरक्षा तपासणी केंद्रांतर्गत समितीकडे सोपविली. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ मध्ये सादर केलेल्या अहवालातही मंडळाला पुरेसा कायदेशीर दर्जा नसल्याकडे लक्ष वेधण्यात आले होते.

मुंबई उच्च न्यायालयातील प्रकरण

नागरिकांना माहिती किती मिळावी, हा प्रश्न १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आला. डॉ. ए. गोपालकृष्णन १९९३ ते १९९६ या काळात नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांच्या कारकिर्दीत, १९९५ मध्ये, मंडळाने अणुकेंद्रांतील सुरक्षेच्या सुमारे १३० त्रुटींची नोंद करणारा अहवाल तयार केला. तो जाहीर करावा, या मागणीसाठी पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज आणि बॉम्बे सर्वोदय मंडळ यांनी याचिका दाखल केल्या.

१९६२ च्या अणुऊर्जा कायद्यातील कलम १८ नुसार अणुकेंद्रांसंबंधीची माहिती गोपनीय ठरविण्याचा अधिकार केंद्र सरकारला होता. त्याच आधारे सरकारने अहवाल देण्यास नकार दिला. उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये याचिका फेटाळल्या. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००४ मध्ये हा निर्णय कायम केला. माहिती मिळण्याचा अधिकार मूलभूत असला, तरी राष्ट्रीय सुरक्षेसाठी त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, अशी न्यायालयाची भूमिका होती.

या निकालाचा परिणाम दूरगामी ठरला. केंद्राच्या आत काय घडते, याची कागदपत्रे मिळविण्याचा मार्ग अरुंद झाला. कुंपणाबाहेरच्या सार्वजनिक जागेतील माती, पाणी आणि माणसांचे आरोग्य मात्र कोणत्याही गोपनीयतेच्या कक्षेत येत नव्हते. स्वतंत्र पाहणीचे क्षेत्र त्यामुळे कुंपणाबाहेरच राहिले.

रावतभाट्याची पाहणी

भारतातील अशा पाहणीचे सर्वाधिक उल्लेखले जाणारे उदाहरण राजस्थानातील रावतभाट्याचे आहे. राणा प्रताप सागर जलाशयाच्या काठावरील या केंद्राची पहिली अणुभट्टी १९७३ मध्ये सुरू झाली. गुजरातमधील वेडछी येथे राहणारे भौतिकशास्त्रज्ञ डॉ. सुरेंद्र गाडेकर व त्यांच्या पत्नी डॉ. संघमित्रा गाडेकर यांनी सप्टेंबर १९९१ मध्ये स्वयंसेवकांच्या साह्याने तेथे आरोग्य सर्वेक्षण केले. अणुऊर्जेची चिकित्सा करणारे ‘अणुमुक्ती’ हे नियतकालिक सुरेंद्र गाडेकर १९८७ पासून संपादित करीत होते.

या सर्वेक्षणाची आखणी लक्षात घेण्याजोगी आहे. केंद्रापासून दहा किलोमीटरच्या आत असलेली पाच गावे आणि पन्नास किलोमीटरहून दूर असलेली चार गावे तुलनेसाठी निवडण्यात आली. जवळच्या गावांतील २,८६० आणि दूरच्या गावांतील २,५४४ व्यक्तींची माहिती घरोघरी जाऊन घेण्यात आली. केवळ केंद्राजवळच्या गावांत आजार मोजले असते, तर ते अधिक की कमी हे ठरविता आले नसते. राहणीमान व उपजीविका शक्य तेवढी सारखी असलेली दूरची गावे निवडल्यामुळे तुलनेला आधार मिळाला.

जवळच्या गावांत जन्मजात व्यंगांचे तसेच गाठींच्या विकारांचे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक असल्याचा निष्कर्ष या पाहणीने काढला. अणुऊर्जा विभागाने तो स्वीकारला नाही. अणुकेंद्रांतील कर्मचारी व त्यांच्या कुटुंबीयांच्या पाहणीत कर्करोग अथवा जन्मजात व्यंगांचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीहून अधिक आढळले नसल्याचे विभाग सांगत आला आहे. या पाहण्यांत टाटा स्मारक केंद्राचाही सहभाग होता.

हे दोन दावे वरकरणी परस्परविरोधी वाटले, तरी ते वेगवेगळ्या लोकसमूहांविषयी आहेत. नियमित वेतन, वैद्यकीय सेवा आणि शुद्ध पाणी मिळणाऱ्या वसाहतीतील कर्मचारी आणि परिसरातील खेडूत यांची आरोग्यस्थिती सारखी नसते. दुसरीकडे, खेड्यातील आजारांची कारणे कुपोषण, दूषित पाणी, नात्यातील विवाह अशी अनेक असू शकतात. रावतभाट्याच्या पाहणीत ग्रामस्थांना प्रत्यक्ष किती मात्रा मिळाली, याचा दीर्घकालीन स्वतंत्र हिशेब उपलब्ध नव्हता. त्यामुळे फरक दिसला, पण त्याचे कारण निर्विवादपणे निश्चित झाले नाही.

जादूगुडा आणि कल्पाक्कम

झारखंडमधील जादूगुडा येथे युरेनियमच्या खाणी आहेत. खनिजातून युरेनियम काढून घेतल्यानंतर उरणारा गाळ मोठ्या तलावांत साठविला जातो. त्यात रेडियमसारखी दीर्घायुषी किरणोत्सारी द्रव्ये शिल्लक राहतात. जपानमधील क्योटो विद्यापीठाच्या अणुभट्टी संशोधन संस्थेतील हिरोआकी कोइडे यांनी या परिसरातील माती आणि हवेतील गॅमा मात्रा तपासून २००४ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. काही वस्त्यांत मात्रा वर्षाला १ मिलिसीव्हर्टहून अधिक आणि गाळाच्या तलावांभोवती १० मिलिसीव्हर्टपर्यंत असल्याचे त्यात नमूद होते.

‘इंडियन डॉक्टर्स फॉर पीस अँड डेव्हलपमेंट’ या डॉक्टरांच्या संघटनेने २००७ मध्ये जादूगुडा परिसरात आरोग्य पाहणी केली. खाणीजवळच्या गावांतील २,११८ आणि सुमारे ३० किलोमीटर दूरच्या गावांतील १,९५६ कुटुंबांची तुलना करण्यात आली. जन्मजात व्यंगांचे प्रमाण जवळच्या गावांत ४.४९ टक्के, तर दूरच्या गावांत २.४९ टक्के आढळले. भारतीय युरेनियम महामंडळाने आजारांचा संबंध किरणोत्साराशी असल्याचे सातत्याने नाकारले आहे. जादूगुड्याचे वैशिष्ट्य असे, की तेथे आरोग्याची पाहणी आणि किरणोत्साराची मोजणी या दोन्ही गोष्टी स्वतंत्र व्यक्तींनी केल्या.

तामिळनाडूतील कल्पाक्कम येथे अणुवीज केंद्राबरोबरच इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र आणि भाभा केंद्राचा इंधन पुनर्प्रक्रिया प्रकल्प आहे. या प्रकल्पात जानेवारी २००३ मध्ये सहा कर्मचाऱ्यांना प्रमाणाबाहेर किरणोत्सार मिळाला. कर्मचारी संघटनेने केलेल्या पाठपुराव्यामुळे ही घटना काही महिन्यांनंतर सर्वांसमोर आली. जवळच्या सद्रास येथे वैद्यकीय व्यवसाय करणारे डॉ. व्ही. पुगळेंदी यांनी परिसरातील थायरॉईडचे विकार व काही प्रकारचे कर्करोग यांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या आहेत.

महाराष्ट्रात तारापूर परिसरातील ग्रामस्थांच्या व्यथा प्रामुख्याने कथनरूपाने समोर आल्या. भाभा केंद्रात पूर्वी काम केलेले अभियंते प्रदीप इंदुलकर यांच्या ‘हाय पॉवर’ या माहितीपटात विस्थापन, घटलेली मासळी आणि आजार यांविषयी ग्रामस्थ बोलतात. या माहितीपटाला २०१३ मध्ये रिओ दि जानेरो येथील युरेनियम चित्रपट महोत्सवात पुरस्कार मिळाला. अशी कथने प्रश्न कोठे शोधावा हे दाखवितात. मोजणीची जागा मात्र ती घेऊ शकत नाहीत.

उपकरण काय सांगते

नागरिकांच्या हाती सहज येणारे उपकरण म्हणजे गायगर काउंटर. वायूने भरलेल्या नळीतून किरण गेला की विद्युत स्पंद निर्माण होतो आणि तो मोजला जातो. गॅमा आणि बऱ्याच प्रमाणात बीटा किरणांची नोंद त्यावर होते. नैसर्गिक किरणोत्सारामुळे बहुतेक ठिकाणी तासाला ०.०५ ते ०.२ मायक्रोसीव्हर्ट एवढी मात्रा दिसते. वर्षाला १ मिलिसीव्हर्ट ही मर्यादा तासाच्या हिशेबाने सुमारे ०.११ मायक्रोसीव्हर्ट होते. पण ती नैसर्गिक किरणोत्साराच्या वर मिळणाऱ्या अधिक मात्रेसाठी आहे, हे विसरता कामा नये.

पहिली अडचण येथेच येते. नैसर्गिक किरणोत्सार सर्वत्र सारखा नसतो. जागतिक सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट आहे. केरळच्या किनाऱ्यावर मोनाझाईटयुक्त वाळूमुळे तो कित्येक पटींनी वाढतो. महाराष्ट्राचा बराचसा भाग बेसाल्ट खडकाचा आहे आणि त्यात युरेनियम व थोरियम अल्प असल्याने येथील नैसर्गिक पातळी तुलनेने कमी असते. ग्रॅनाईटच्या फरशीवर ठेवलेले उपकरण अधिक आकडा दाखवते. पाऊस पडू लागताच हवेतील रेडॉनपासून तयार झालेली द्रव्ये जमिनीवर येतात व आकडा काही काळ वाढतो. यांपैकी कशाचाही अणुकेंद्राशी संबंध नसतो.

दुसरी अडचण संख्याशास्त्राची आहे. किरणोत्सार अनियमित अंतराने होतो. उपकरणाने एका मिनिटात २० स्पंद दाखविले, तर पुढच्या मिनिटात १५ किंवा २५ येणे स्वाभाविक असते. तेच उपकरण एका जागी तासभर ठेवल्यास सुमारे १,२०० स्पंद मिळतात व त्यातील स्वाभाविक चढउतार तीन टक्क्यांपर्यंत खाली येतो. एखाद्या क्षणी दिसलेल्या मोठ्या आकड्याला म्हणूनच अर्थ नसतो.

तिसरी अडचण सर्वांत महत्त्वाची आहे. गायगर काउंटर किरणोत्सार आहे हे सांगतो. तो कोणत्या द्रव्याचा आहे हे सांगत नाही. अणुकेंद्रांशी निगडित प्रमुख द्रव्ये आणि त्यांच्या मोजणीच्या पद्धती पुढीलप्रमाणे आहेत.

- आयोडिन-१३१ : अर्धायुकाल आठ दिवस. ते दुधातून शरीरात जाऊन थायरॉईडमध्ये साठते. गळतीनंतर काही आठवड्यांत नमुना न घेतल्यास पुरावा नाहीसा होतो.
- सीझियम-१३७ : अर्धायुकाल सुमारे ३० वर्षे. ते चिकणमातीला घट्ट चिकटते. म्हणून खाडीतील गाळ ही त्याची नोंदवहीच ठरते. गॅमा वर्णपटमापकाने ते अचूक ओळखता येते.
- स्ट्रॉन्शियम-९० : अर्धायुकाल सुमारे २९ वर्षे. ते हाडांत साठते. त्याच्या मोजणीसाठी रासायनिक विलगीकरण करावे लागते.
- ट्रिटियम : अर्धायुकाल १२.३ वर्षे. जड पाणी वापरणाऱ्या अणुभट्ट्यांत ते मोठ्या प्रमाणात तयार होते व साध्या पाण्याप्रमाणे सर्वत्र जाते. त्याचे बीटा किरण इतके क्षीण असतात, की गायगर काउंटरला ते कळतच नाहीत.

देशातील बहुतेक अणुवीज केंद्रे जड पाण्यावर चालत असल्याने ट्रिटियमचा मुद्दा भारतात विशेष महत्त्वाचा आहे. केवळ हातातील उपकरणाचा शून्यवत आकडा पाहून पाणी शुद्ध असल्याचा निर्वाळा देणे जितके चुकीचे, तितकेच पावसात वाढलेला आकडा पाहून गळतीची घोषणा करणेही चुकीचे आहे.

मातीत सीझियम-१३७ सापडले, एवढ्यावरूनही शेजारच्या केंद्राला दोष देता येत नाही. १९५० व १९६० च्या दशकांतील अण्वस्त्र चाचण्यांमुळे ते जगभरच्या मातीत अल्प प्रमाणात पसरले आहे. त्याच्यासोबत सीझियम-१३४ आढळल्यास मात्र चित्र बदलते. त्याचा अर्धायुकाल सुमारे दोनच वर्षांचा असल्याने ते अलीकडे अणुभट्टीतून बाहेर पडल्याचे लक्षण मानले जाते.

परदेशांतील अनुभव

अमेरिकेतील थ्री माइल आयलंड केंद्रात २८ मार्च १९७९ रोजी अपघात झाला. त्यानंतर इमारतीत साचलेला क्रिप्टॉन वायू १९८० मध्ये बाहेर सोडायचा होता. अधिकाऱ्यांच्या आकड्यांवर लोकांचा विश्वास उरला नव्हता. तेव्हा परिसरातील बारा गावांतून सुमारे ५० नागरिकांना प्रशिक्षण देण्यात आले. त्यांनी स्वतः मोजणी करून रोजचे आकडे आपापल्या गावात जाहीर केले. शिक्षक, गृहिणी, निवृत्त कर्मचारी यांनाही ही मोजणी शिकता येते, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

फ्रान्समध्ये १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर सरकारी खुलाशांवर अविश्वास निर्माण होऊन दोन स्वतंत्र संस्था स्थापन झाल्या. त्यांपैकी ‘क्रिराड’ने वालांस येथे प्रयोगशाळा उभारली. ‘आक्रो’ नॉर्मंडीत, ला आग इंधन पुनर्प्रक्रिया प्रकल्पाच्या प्रदेशात काम करू लागली. १९९७ मध्ये ला आग परिसरातील मुलांच्या रक्तकर्करोगाविषयी एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि मोठा वाद उद्भवला. सरकारने तो मिटविण्यासाठी एक संयुक्त गट नेमला. प्रकल्पचालक, सरकारी तज्ज्ञ आणि ‘आक्रो’सारख्या संस्थांचे प्रतिनिधी त्यात एकत्र बसले. सर्वांच्या मिळून पाच लाखांहून अधिक मोजण्या त्यांनी पडताळल्या. प्रकल्पाच्या किरणोत्सारामुळे अपेक्षित असलेले रक्तकर्करोगाचे प्रमाण अत्यल्प असल्याचे गटाच्या गणिताने दाखविले. आकडे सर्वांनी मिळून तपासले असल्याने निदान कोणत्या मुद्द्यावर मतभेद आहे, हे स्पष्ट झाले. २०१० पासून फ्रान्सच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर सरकारी, प्रकल्पचालकांच्या व स्वतंत्र संस्थांच्या मोजण्या एकत्र पाहता येतात.

संशोधन केंद्राबाबतचे बोधप्रद उदाहरण न्यूयॉर्कजवळील ब्रूकहेवन प्रयोगशाळेचे आहे. तेथील संशोधन अणुभट्टीच्या वापरलेल्या इंधनाच्या टाकीतून ट्रिटियमयुक्त पाणी अनेक वर्षे भूजलात झिरपत होते. स्थानिक प्रशासनाच्या आग्रहानुसार मान्य केलेल्या निरीक्षण विहिरी खोदण्यास प्रयोगशाळेने विलंब लावला. त्या खोदल्यानंतर जानेवारी १९९७ मध्ये गळती उघड झाली. प्रयोगशाळेच्या कुंपणाबाहेरील पिण्याच्या पाण्यात ट्रिटियम धोकादायक पातळीवर पोहोचले नव्हते. तरीही लोकांचा विश्वास ढासळला. त्याच वर्षी प्रयोगशाळा चालविणाऱ्या संस्थेचा करार रद्द करण्यात आला, आणि १९९९ मध्ये अणुभट्टी कायमची बंद करण्याचा निर्णय झाला. लोकांचा रोष गळतीपेक्षाही ती उशिरा कळल्याबद्दल अधिक होता.

फुकुशिमाच्या २०११ मधील अपघातानंतर जपानमध्ये ‘सेफकास्ट’ या गटाने मोटारीवर बसविता येणारी उपकरणे तयार केली. स्वयंसेवकांनी रस्तोरस्ती फिरून केलेल्या मोजण्यांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली आहे आणि ती माहिती सर्वांना खुली आहे. इवाकी शहरात मातांनी पुढाकार घेऊन ‘ताराचिने’ ही प्रयोगशाळा उभारली. तेथे अन्नपदार्थ व मातीतील सीझियमबरोबरच स्ट्रॉन्शियम आणि ट्रिटियमही मोजले जाते.

सावधगिरीचे उदाहरण ब्रिटनमधील आहे. सेलाफील्ड प्रकल्पाजवळच्या सीस्केल गावात मुलांमध्ये रक्तकर्करोगाचे प्रमाण अधिक असल्याचे १९८३ च्या एका दूरचित्रवाणी माहितीपटाने दाखविले. सरकारने नेमलेल्या चौकशीने १९८४ मध्ये ही वाढ मान्य केली. परंतु प्रकल्पातून बाहेर पडलेल्या किरणोत्साराच्या ज्ञात मात्रेने तिचे स्पष्टीकरण होत नसल्याचे पुढील तपासांत आढळले. आजारांची वाढ खरी असणे आणि तिचे कारण गृहीत धरलेलेच असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नोंद ग्राह्य केव्हा ठरते

या सर्व अनुभवांतून स्वतंत्र मोजणीच्या काही किमान अटी निश्चित होतात.

- पायाभूत नोंद : केंद्र सुरू होण्यापूर्वीची पातळी ठाऊक असल्याखेरीज नंतरची वाढ दाखविता येत नाही. ती नसल्यास समान भूरचनेचे दूरचे ठिकाण तुलनेसाठी घ्यावे लागते.
- सातत्य : त्याच जागी, त्याच उंचीवर, त्याच ऋतूंत वर्षानुवर्षे नोंदी ठेवाव्या लागतात. तारीख, वेळ, पाऊस व उपकरणाचा क्रमांक नोंदविणे आवश्यक असते.
- प्रमाणीकरण : उपकरण ठराविक काळाने प्रमाणित स्रोतासमोर तपासून घ्यावे लागते.
- नमुन्याची जपणूक : पाणी, गाळ, मासे यांचे नमुने साक्षीदारांसमोर मोहोरबंद करून त्यांचे भाग दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांना पाठवावे लागतात. दोहोंचे निष्कर्ष जुळले, तरच आकड्याला वजन येते.
- प्रतिकूल व अनुकूल दोन्ही निष्कर्ष जाहीर करणे : केवळ वाढलेले आकडे प्रसिद्ध करणाऱ्या गटाची विश्वासार्हता फार काळ टिकत नाही.

भारतात चौथी अट सर्वांत कठीण आहे. स्ट्रॉन्शियम अथवा ट्रिटियम मोजण्याची सोय असलेल्या बहुतेक प्रयोगशाळा अणुऊर्जा विभागाच्या किंवा त्याच्याशी संलग्न आहेत. विद्यापीठांच्या भौतिकशास्त्र व भूशास्त्र विभागांत गॅमा वर्णपटमापक असतात. परंतु ग्रामपंचायतीने किंवा मच्छीमार सोसायटीने नमुना नेऊन द्यावा आणि अहवाल मिळावा, अशी रूढ व्यवस्था नाही.

जैतापूरची संधी

पहिल्या अटीच्या दृष्टीने रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूरचे महत्त्व वेगळे आहे. राजापूर तालुक्यातील माडबन येथे प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्यांचा प्रकल्प नियोजित आहे. त्याला नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरणविषयक मंजुरी मिळाली. त्याविरोधात झालेल्या आंदोलनात एप्रिल २०११ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात एका मच्छीमाराचा मृत्यू झाला. प्रकल्पाची एकही अणुभट्टी अद्याप उभी राहिलेली नाही.

जांभ्याची कातळपठारे, आंबा-काजूच्या बागा आणि साखरी नाट्याची मासेमारी यांवर या परिसराचे जीवन अवलंबून आहे. हापूस व मासळी या दोन्ही बाजारपेठा ग्राहकाच्या विश्वासावर चालतात. भविष्यात केंद्र झाले आणि गळतीची केवळ अफवा उठली, तरी बागायतदाराचे व मच्छीमाराचे नुकसान होऊ शकते. अशा वेळी कोणत्याही बाजूची नसलेली, अनेक वर्षांची नोंद अफवा खोडून काढण्यासही उपयोगी पडेल आणि खरी गळती झाल्यास भरपाईचा दावा सिद्ध करण्यासही. प्रकल्पाचे समर्थक व विरोधक या दोघांच्याही हिताची ही बाब आहे. रावतभाटा आणि तारापूर येथे अशी नोंद ठेवण्याची वेळ निघून गेली. माडबनला ती अद्याप उपलब्ध आहे.

कायद्यातील बदल

नियामक यंत्रणा स्वायत्त करण्यासाठी २०११ मध्ये संसदेत मांडलेले विधेयक २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्याने व्यपगत झाले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ‘शांती’ या नावाने ओळखले जाणारे नवे विधेयक मंजूर केले. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याची व २०१० च्या अणुहानी दायित्व कायद्याची जागा घेणाऱ्या या कायद्यात अणुऊर्जा नियामक मंडळाला वैधानिक दर्जा देण्याची आणि अणुवीज क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले करण्याची तरतूद आहे. त्याचबरोबर विशिष्ट माहिती गोपनीय ठरविण्याचा सरकारचा अधिकारही त्यात राखण्यात आला आहे.

अणुवीज केंद्रे चालविणाऱ्या संस्थांची संख्या वाढल्यास परिसरातील मोजणी कोणी करावी, तिचा खर्च कोणी उचलावा आणि आकडे कोणत्या स्वरूपात जाहीर व्हावेत, हे प्रश्न नव्याने उपस्थित होतील. केंद्रनिहाय व नमुनानिहाय मूळ आकडे ठराविक कालावधीने प्रसिद्ध करणे, अधिकृत नमुना घेताना त्याचा एक भाग ग्रामसभेच्या ताब्यात देणे आणि विद्यापीठांतील प्रयोगशाळांना अशा तपासणीची मान्यता देणे, हे उपाय फारसे खर्चिक नाहीत. अणुभट्टीच्या रचनेचे कोणतेही गुपित त्यांमुळे उघड होत नाही. कुंपणाबाहेरचे पाणी, गाळ आणि दूध यांतील आकडे दोन स्वतंत्र हातांनी मोजले गेले, तर त्यांवर विश्वास ठेवायचा की नाही, हे ठरविण्यासाठी नागरिकांना प्रथमच ठोस आधार मिळेल.